खाली नाव, गाव

विभागाच्या व्हरांड्यात शिरले आणि आधी मला खळीचा वास आठवला. आठवला, कारण तो तिथं नव्हता. तिथं फ्लेक्सचा वास होता, रॉकेलसारखा नाकात चढणारा, जो दिवसभर माझ्या टेबलाभोवती असतो तोच. आमचं भित्तिपत्रक ज्या भिंतीवर लागायचं तिथं आता सहा फुटांचा फ्लेक्स ठोकलेला होता. टाय घातलेला कुठलासा परका मुलगा, हातात माईक, मागं काचेच्या इमारती, आणि खाली लिहिलेलं, 'भाषा शिका, जग जिंका'. नांदेडात असल्या इमारती नाहीत. मला शिसारी आली. त्याहून जास्त शिसारी या गोष्टीची आली, की ती ओळ मला सांगितली असती तर मीही अशीच लिहून दिली असती.

मी लातूरला एका क्लासच्या जाहिरात विभागात आहे. निकाल लागला की लातूरच्या चौकाचौकांत डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो लागतात, वर्तमानपत्राला जोडून रंगीत पानं येतात. त्या फोटोंशेजारी 'माझ्या यशाचं रहस्य' म्हणून जी मुलाखत असते ती मी लिहिते. निकालाच्या महिनाभर आधीच लिहून ठेवते. नावाची जागा मोकळी, गावाची जागा मोकळी, मधला मजकूर तयार: पहाटे चारला उठणं, मोबाईलला हात न लावणं, सरांचं मार्गदर्शन. मुलींसाठी वेगळी, खेड्यातल्या मुलांसाठी वेगळी. संचालक वाचून म्हणतात, "मॅडम, आईचं जरा वाढवा. वाचणाराला रडू आलं पाहिजे." मग मी आईचं वाढवते. जिला मी जन्मात पाहिलेलं नाही तिच्या तळहातावरचे फोड मी दर उन्हाळ्यात नव्यानं लिहिते. लोक रडतात म्हणे. मला मात्र टाईप करताना तोंडात आंबट पाणी सुटतं, आणि मी उठून बेसिनवर चूळ भरून येते.

नांदेडला मी गेले ती सुनंदाच्या फोनमुळं. सुनंदा माझ्या वर्गातली, वसतिगृहात माझ्याच खोलीतली, मुखेडची. एम.ए. मराठी आणि त्याला जोडून जनसंवादाची पदविका असा आमचा अभ्यासक्रम होता, आणि त्या वर्षी ती पहिली आली होती. आता ती आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जितके तास तितकीच नोकरी. दर जूनला नवा अर्ज, तीच मुलाखत, आणि एप्रिल संपला की ती कुणीच नसते. अकरा वर्षं हे चाललंय.

फोनवर ती भराभर बोलत होती. पडताळणी समिती येणार होती. इथून शिकून गेलेली पोरं आज कुठं आहेत याची फाईल तिला दाखवायची होती, प्रत्येकाचं अर्धं पान, आणि पोरं 'आपल्या क्षेत्रात' कामाला आहेत हे त्यातून दिसलं पाहिजे, असं वरून सांगणं आलं होतं. ज्या-त्या वर्षाचं ज्या-त्या वर्षाच्या कुणीतरी लिहून द्यायचं. आमच्या वर्षाचं राहिलं होतं.

"न्हाई दाखवलं तर जूनपासून विभागच बंद करून राहिले," ती म्हणाली. "मग माझे तास गेले." थोडं थांबून तिनं विचारलं, "तू तिकडं असलंच लिहितीस ना?"

ती टोचायला बोलली नव्हती, पण 'असलंच' हा शब्द मला अहमदपूरच्या स्टँडपर्यंत पुरला.

लातूरहून नांदेडची एसटी अहमदपूरला दहा मिनिटं थांबते आणि लोह्याला पाच. निलंग्याहून पहिल्यांदा आले तेव्हाही अशीच थांबली होती. पायाशी पत्र्याची पेटी होती, पेटीत आईनं दिलेला शेंगदाण्याचा कूट आणि आमच्याकडच्या कडक भाकरी. नांदेडला उतरल्यावर गोदावरीचा शेवाळलेला वास आला. वसतिगृहात रात्री भांडी पडली की मी 'अय्यो' म्हणायचे आणि बाकीच्या पोरी हसायच्या. निलंग्यात कर्नाटक हाकेच्या अंतरावर. तोंडातून असं काही निघून जायचं. सुनंदा तेवढी हसली नाही. तिनं विचारलं, तुमच्याकडं भाकरीला काय म्हणतात, आणि मी सांगितलेला शब्द वहीत लिहून घेतला.

शनिवार खळीचा. भिंतीवरच्या फळीला खळीनं चिकटवलेलं भित्तिपत्रक दर शनिवारी बदलायचं, हा विभागातल्या आमच्या सरांचा नेम होता. मेसमधून वाडगाभर मैदा मागून आणायचा. चेपलेल्या जर्मनच्या पातेल्यात पाणी घालून तो विभागाच्या शेगडीवर शिजवायचा. ढवळायचं काम सुनंदाकडं, कारण बाकी कुणी ढवळलं तर गुठळ्या व्हायच्या. घट्ट व्हायला लागली की चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. खळीला एक निळसर झाक यायची. गरम पिठाचा, किंचित आंबट, किंचित औषधी असा तो वास बोटांना रविवारभर राहायचा. खालच्या मजल्यावर टंकलेखनाची संस्था होती, तिथून सारखी टकटक यायची, आणि ओळ संपली की घंटी. ती संस्था कधी बंद पडली मला ठाऊक नाही. सणासुदीला वाऱ्याची दिशा बरी असली तर गुरुद्वाऱ्याकडून प्रसादाच्या शिऱ्याचा तुपकट वास यायचा, आणि आमच्यातला एक मुखपृष्ठाचं चित्र अर्धं टाकून तिकडं पळायचा.

माझं अक्षर बरं होतं म्हणून सगळ्यांचं लेखन मी उतरवून काढायचे. काळ्या शाईनं मजकूर, आणि प्रत्येक मजकुराखाली लाल शाईनं नाव आणि गाव. नुसतं नाव चालायचं नाही. एकदा एकानं मेसच्या वरणावर झकास टिंगल लिहिली होती आणि खाली 'एक भुकेला' एवढंच. सगळा वर्ग हसला. सरांनी वाचलं, तेही हसले, आणि मग ओल्या फडक्यानं तेवढाच कागद भिंतीवरून उतरवला. ज्यानं लिहिलं त्यानं खाली उभं राहायचं, म्हणाले, नसेल जमत तर लिहू नये. सर आवाज चढवत नसत. शर्टाच्या खिशाला कायम लाल शाईचा डाग असायचा आणि बोलताना ते आमच्याकडं नाही, खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडं बघायचे. आम्हाला वाटायचं, जगात कुठंही गेलं तरी लिहिण्याचा नियम हाच असणार.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात सुनंदानं मिरचीवर लिहिलं. तिची आई मुखेडच्या आठवडी बाजारात वाळल्या मिरच्या घेऊन बसायची. कुठल्या पोत्यातली मिरची किती तिखट हे घरात कुणाला किती शिंका आल्या त्यावरून ठरायचं, सुनंदाच्या शाळेच्या वह्यांनाही तो ठसका असायचा आणि गुरुजी वह्या तपासताना शिंकायचे, असं सगळं त्यात होतं. मी उतरवून काढत होते तेव्हा मागं दोन पोरी खुसखुसल्या. मला सुनंदाची दया आली. दयेपोटी मी खाली लाल शाईनं लिहिलं: सुनंदा, नांदेड. माझ्या मते मी तिला वाचवलं होतं.

शनिवारी कागद भिंतीवर चढला, खळ अजून ओली होती. सुनंदानं वाचलं. माझ्या हातातला लाल पेन घेतला, 'नांदेड' खोडलं आणि वर 'मुखेड' लिहिलं, तिच्या किरट्या अक्षरात. ओल्या कागदावर शाई पसरली. मला म्हणाली, "माझी माय मुखेडच्या बाजारात बसती. नांदेडच्या न्हाई." त्यानंतर तिनं पातेलं विसळायला घेतलं. सरांनी ती खाडाखोड पाहिली आणि आठवडाभर तशीच राहू दिली.

मार्च आला की व्हरांडा तापायचा. कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास, तहानलेले कावळे, वहीवर घामानं चिकटणारा हात. शेवटच्या शनिवारी आम्ही अठराच्या अठरा जणांनी लिहिलं. अठरा लाल नावं, अठरा गावं. तो अंक पुढं कुणी उतरवला, कधी उतरवला, कोण जाणे.

आता विभागात सुनंदानं मला मागच्या खोलीत नेलं. समितीच्या फायलींचे गठ्ठे तिथं एका मोठ्या फळीवर मांडले होते, खाली दोन डबे लावून केलेलं टेबल. मी बसले आणि फळीच्या कडेला हात लागला तेव्हा ओळखलं. आमचीच फळी होती, भित्तिपत्रकाची. कडेला कागदाचा थर जमला होता, बोटभर जाड, एकावर एक वर्षं चिकटलेली. मी नखानं टोकरलं तर वरचं पापुद्र्यासारखं निघालं आणि आत लालसर काहीतरी दिसलं, पण अक्षर लागेना. नाकाजवळ नेलं. कसलाच वास नव्हता.

सुनंदानं प्रत्येकाला फोन करून यादी केली होती. ती एकेक नाव सांगत गेली आणि मी लिहीत गेले. एकजण लोह्याच्या नाक्यावर मोबाईलचं दुकान चालवतो, मी लिहिलं 'दूरसंवाद क्षेत्रात स्वतंत्र उद्योजक'. मेसच्या वरणावर लिहिणारा आता एका छोट्या पेपरला बातम्या देतो आणि जाहिराती आणल्या तरच त्याला काही मिळतं, तो झाला 'ज्येष्ठ पत्रकार व माध्यम-व्यवस्थापक'. शिऱ्याच्या वासामागं पळणारा, सुरेख चित्रं काढणारा, माहूरला गडाच्या पायथ्याशी नारळाच्या दुकानात बसतो. दुकानदारानं त्याला माईक दिलाय. चुकलेल्या लेकरांची नावं, देवीच्या ओटीचे दर, पार्किंगच्या सूचना तो दिवसभर पुकारतो. मी थोडा विचार केला आणि लिहिलं 'ध्वनिमाध्यमात निवेदक. भाविक-संवादाचा प्रदीर्घ अनुभव'.

सुनंदा फसकन हसली. मीही हसले. तोंडात ते आंबट पाणी आलं.

एकजण पोलिसात लागला होता. यादीत पक्की नोकरी असलेला तोच एक, आणि नेमका तोच अडचणीचा, कारण ते 'आपलं क्षेत्र' नव्हतं. त्याला मी 'जनसंपर्क' केलं. दुपारपर्यंत सोळा पानं झाली. मला कुठंच अडलं नाही. हेच मला सगळ्यात घाणेरडं वाटलं, की ज्या हातानं मी या सगळ्यांचं खरं लिहिणं उतरवून काढलं होतं त्याच हातानं त्यांची सोंगं लिहिताना हात जराही थबकत नव्हता. शेवटी सुनंदाचं लिहिलं: 'उच्च शिक्षणात दशकाहून अधिक काळ अध्यापनाची यशस्वी कारकीर्द'. मग माझं: 'शैक्षणिक संवाद सल्लागार, लातूर'.

सर आले. या वर्षाअखेर ते निवृत्त होतात. केस पांढरे झालेत, खिशावर डाग नाही, कारण आता पेनच नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, निलंग्याला आई कशी आहे विचारलं. नाव नाही, पण गाव त्यांच्या लक्षात होतं. मग खुर्चीत बसून त्यांनी पानं एकेक करून वाचली. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होते. माहूरच्या पानाशी ते थांबतील, ओल्या फडक्यानं उतरवल्यासारखं ते पान बाजूला काढतील, मला रागावतील. त्या रागावण्यासाठी मी काहीही दिलं असतं.

"छान," ते म्हणाले. "चांगला हात बसलाय तुझा."

मी पर्समधून पेन काढला. लाल नव्हता, निळाच होता. विचारलं, "सर, खाली नाव-गाव टाकू? लिहिणाराचं?"

त्यांनी पानं फाईलमध्ये सारखी केली. "नको. नाव नको टाकू. उद्या कुणी फोन लावून विचारलं तर पंचाईत."

ते हे बोलले तेव्हा कडुलिंबाकडंही बघत नव्हते. फाईलच्या दोरीकडं बघत होते.

मला सरांची किळस आली. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. ज्या माणसामुळं मला लिहिण्याची चाड आली त्याच्याबद्दल हा शब्द वापरते आहे, समजून वापरते आहे. त्यांनाही विभाग वाचवायचा होता, सुनंदाचे तास वाचवायचे होते, हे मला कळत होतं. कळूनही तो शब्द मी बदलत नाही.

सुनंदानं सरांच्या हातातून फाईल घेतली. मला वाटलं बांधायला घेतली. तिनं शोधून स्वतःचं पान काढलं, नीट घडी घालून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि कोरा कागद ओढला.

"माझं मी लिहिते," म्हणाली.

चार ओळी होत्या. ती लिहीत असतानाच मी उलट्या बाजूनं वाचल्या. मी याच विभागात तासावर शिकवते. अकरा वर्षं झाली. कायम कधी होईन माहीत नाही. मला शिकवता येतं. खाली तिनं नाव लिहिलं आणि गाव लिहिलं. मुखेड.

सर म्हणाले, "सुनंदा, जातील ते तुझेच तास."

"जाऊ द्या सर," ती म्हणाली. "पान माझं हाय."

तिनं कागद फाईलमध्ये घातला आणि दोरी माझ्यापुढं केली, बांधायला. माझं पान सगळ्यात वर होतं. पेन अजून माझ्या हातात होता. मी ते पान काढू शकले असते, कोरा कागद जवळच होता. माझे कुठलेच तास जाणार नव्हते. पण लातूरची गाडी पाचला होती, दुसऱ्या दिवशी संचालकांना मजकूर द्यायचा होता, आणि नेमकं काय लिहायचं तेच मला सुचेना. मी दोरी बांधली. गाठ चांगली बसली.

पंधरा दिवसांनी सुनंदाचा फोन आला. समिती येऊन गेली होती. विभाग आणखी एक वर्ष चालू राहणार होता, म्हणजे जूनचा अर्ज करता येणार होता. मी विचारलं, तुझ्या पानाचं काय झालं, काही बोलले का.

"आले, चहा पिले, पानं मोजली," ती म्हणाली. "अठरा भरली. वाचलं कुणीच न्हाई."

तिच्याकडं मागून पोरांचा गलका येत होता, कुणीतरी मॅडम मॅडम म्हणत होतं. मग मी विचारलं, आणि माझं पान? तिथंच आहे, म्हणाली, सगळ्यात वर. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

आता इथं निकालाचे दिवस आलेत. टेबलावर पंचवीस मुलाखती तयार पडल्यात, मजकूर पूर्ण, नावाची जागा मोकळी, गावाची जागा मोकळी. छपाईखान्यातून फ्लेक्सचा वास येतोय. संचालक मघाशी डोकावून आईचं जरा वाढवा म्हणून गेले. मी एक कोरा कागद घेतलाय, माझं खरं अर्धं पान लिहायला. लाल पेन मुद्दाम दुकानातून आणलाय. खाली उजव्या कोपऱ्यात, पूर्वी लिहायचे तसं, माझं नाव लिहिलंय आणि त्यापुढं गाव: निलंगा. अक्षर अजून बरं आहे.

त्याच्या वरचा कागद मात्र सकाळपासून कोराच आहे.